मॅनेजर निवडला त्या दिवशी

सर,

आपण जिंकलो. हे वाक्य पहिलं लिहायचं असं ठरवूनच बसले होते, कारण 'पत्र लिहिण्यास कारण की' असली सुरुवात दिसली की तुम्ही पत्र घडी करून खिशात टाकायचात. सोलापूरच्या मुलींनी व्यावसायिक खो-खो लीगचा चषक जिंकला. व्यावसायिक म्हणजे मुलींना खेळायचा पगार मिळतो, सर. तुमच्या काळात असं कुणी म्हणालं असतं तर त्याला ऊन लागलंय म्हणून तुम्ही आधी सावलीत बसवलं असतं. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उघड्या जीपमधून चषक अक्कलकोट रोड एमआयडीसीत आला, आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले लोक माग बंद करून रस्त्याला उभे. जिथे बायकांना पाणी प्यायला जायचं तरी विचारून जावं लागतं, तिथे मालकांनी स्वतः बटणं दाबून माग थांबवले. कुणीतरी कप्तानाच्या गळ्यात हाराऐवजी कोरा टॉवेल घातला, मग सगळ्यांच्याच गळ्यात टॉवेल पडले. माझ्याही पडला. पन्नाशी उलटलेली बाई मी, गुडघे कुरकुरतात, पण त्या जीपमागे दोन चौक चालले आणि शिट्ट्याही मारल्या.

आता मूळ गोष्ट सांगते. मागचे दोन हंगाम हाच संघ तळाला होता. एमआयडीसीतल्या चार कारखानदारांनी हौसेनं काढलेला संघ, आणि हौस फिटत आलेली. यंदाही तेच झालं तर संघ दुसऱ्या शहराला देऊन टाकायचा असं त्यांचं ठरलं होतं. त्यात मॅनेजर सोडून गेला. मॅनेजर म्हणजे शिकवणारा नव्हे; शिकवायला वेगळे प्रशिक्षक आहेत. मुली कोणत्या घ्यायच्या, कोणती सोडायची, प्रशिक्षक ठेवायचा की बदलायचा, मुलींनी कुठं राहायचं, कसं राहायचं, या सगळ्यावर शेवटचा शब्द मॅनेजरचा. चौघांतले थोरले मालक माझ्या रेल्वेच्या ऑफिसात आले, चहा घेतला आणि म्हणाले, “मॅडम, आमाला सूत कळतंय. माणूस बी थोडा थोडा कळतोय. खो-खोतलं काय कळत न्हाय. तुमी निवड समितीत बसा. तुमी काढाल ते नाव आमी लावतो.” मी हो म्हणून बसले. आठवड्याभरात अर्ज आले, शेवटी तीन नावं उरली, आणि त्यातलं एक तुमच्या मुलाचं होतं.

सर, मी तो अर्ज किती वेळा वाचला ते विचारू नका. आई-वडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गाव सोडायचे ते पाऊस पडल्यावरच परत यायचे. मला शाळेत ठेवायची तर ठेवायची कुठं, हा प्रश्न तुम्ही एका वाक्यात सोडवलात. “हितं ऱ्हाईल की.” मंगळवेढ्याच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत मी तीन वर्षं राहिले. अजून डोळे मिटले की ते स्वयंपाकघर दिसतं. काकू चुलीपुढं बसल्यात, परातीत भाकरी थापायचा आवाज चाललाय, मी पाट्यावर शेंगाची चटणी वाटतेय आणि तुमचं रांगतं पोर माझ्या परकराला धरून उभं राहायचा प्रयत्न करतंय. त्याला कडेवर घेऊन मी खो-खोचे नियम पाठ केलेत. माझे गुडघे सोलून निघायचे म्हणून काकूंनी जुन्या चादरीच्या पट्ट्या शिवून दिल्या होत्या, आणि त्या बांधून खेळणारी जिल्ह्यात मी एकटीच होते. इतर शाळांच्या मुली हसायच्या. गडी बाद झाला की हसायच्या थांबायच्या.

मुलाखतीच्या चार दिवस आधी काकूंचा फोन आला. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “पोरानं अर्ज केलाय म्हणं तुमच्याकडं. मी काय सांगत न्हाय बाई. पर तुझ्या हातात हाय म्हणं.” मी म्हटलं, “काकू, पाच जण आहोत समितीत.” त्या म्हणाल्या, “व्हय, ते बी हाय,” आणि बाजरीला पाणी किती लागतं यावर आल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचा मुलगा दारात उभा, आणि दार माझ्या हातात. तुमच्यावर थोडी चिडलेही. एवढे उपकार करून ठेवायची काय गरज होती, असं मोठ्यानं म्हणाले, आणि नवरा आतून विचारायला आला की कुणाशी बोलतेस.

तेव्हा मला तुमचं ते बोलणं आठवलं. आपण तालुक्याचा सामना जिंकून आलो होतो. मी एकटीनं चार जणी बाद केल्या होत्या आणि शाबासकीची वाट बघत तुमच्या पुढ्यात उभी होते. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “चार मारल्यास, व्हय. पर आठ पोरी बसवून ठिवल्यास. त्या काय खेळ बघाया आल्त्या?” दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मधल्या पाटीवर, बसणाऱ्यांच्या ओळीत, बसवलंत आणि बाकीच्यांना सांगितलंत, हिला आज खो द्यायचा नाही. पूर्ण सराव मी तिथं उकिडवी. मागून पावलं येतात, आता आपल्याला म्हणून टाचा उचलतात, आणि पावलं पुढं निघून जातात. पहिल्यांदा राग येतो, मग रडू येतं, मग टाचा उचलायच्याच बंद होतात. सराव संपल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात की पळणारीला कुणीही बघतं, बसलेल्यांना बघायला शीक. मी शिकले असं मला वाटत होतं.

तर मुलाखतीच्या दिवशी मी तुमचीच रीत काढली. प्रश्नोत्तरं झाल्यावर तिघांनाही सरावाला घेऊन गेले. एक बंद पडलेली मागाची शेड आहे, त्यात मॅट अंथरल्यात, शेजारच्या शेडमधल्या मागांची खडखड सतत चालू असते. म्हटलं, वीस मिनिटं खेळ बघा आणि काय दिसलं ते सांगा. पहिले उमेदवार पुण्याचे, लॅपटॉपवर रंगीत आलेख घेऊन आलेले. ते पंख्याखाली खुर्ची ओढून बसले, दहाव्या मिनिटाला फोन आला म्हणून बाहेर गेले, आणि आल्यावर म्हणाले की एनर्जी छान आहे, पण जर्सीचा रंग बदलायला हवा. दुसरा तुमचा मुलगा. दिवसभर मला 'मॅडम' म्हणत होता. एकदाही 'ताई' म्हणाला नाही, एवढं भान ठेवलं त्यानं. त्यानं मन लावून बघितलं. खांबाजवळ वळताना आपल्या मुली एक पाऊल जास्त टाकतात हे अचूक सांगितलं. आणि सांगोला, मंगळवेढा, जत भागातल्या शाळांमधल्या चार मुलींची नावं दिली, कुठली कशात तयार आहे यासकट. हुबेहूब तुमच्यासारखा उभा होता, हात मागे बांधून.

तिसरी एक बाई होती. तिचा अर्ज बघून मालक हसले होते, कारण ती त्यांच्या शेजारच्याच कारखान्यातली, घडी खात्याची प्रमुख. विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी, विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली, आणि आता शंभरेक बायकांचं काम सांभाळणारी. तिचं नाव शेवटच्या तिघांत मीच ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर यादीत एक तरी बाई असावी म्हणून. तिनं खुर्ची घेतली नाही. मॅटच्या कडेला मांडी घालून बसली, बसलेल्या मुलींच्या उंचीला. वीस मिनिटं झाल्यावर मी विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, “त्या पाचव्या पाटीवरच्या पोरीला कोण खो देत नाही की.”

तिनं बसल्या जागेवरूनच त्या मुलीकडे बोट केलं. ती पुढं म्हणाली, “तीनदा मिळाला तिला. तीनदा बी दुसरा इलाज नव्हता म्हणून. पळणारी तिच्या पुढ्यात येती, तरी ह्या तिला सोडून पुढचीला देतात. ती आता उठायच्या तयारीत बी बसत नाही बघा. काय भांडण हाय का?” प्रशिक्षक स्वतःच्या बुटाकडे बघायला लागले. भांडण होतंच. दोन वर्षांपूर्वी एका लाडक्या मैत्रिणीला वगळून तिच्या जागी ही परजिल्ह्यातली मुलगी आणली होती, आणि बाकीच्यांनी तिला मनातून कधी संघात घेतलंच नाही. दोन वर्षं आपण का हरत होतो ते आठ पाट्यांवर मांडून ठेवलेलं होतं. आणि मी, सर, दर रविवारी तिथं जाऊन बसत होते. ज्या मुलीला तुम्ही अख्खा सराव तसंच बसवून शिकवलंत, तिला ते दिसलं नाही. चादरीच्या घड्या घालणारीला वीस मिनिटांत दिसलं.

थोरल्या मालकांनी विचारलं, “मग तुमी काय करणार? समजावणार?” ती म्हणाली, “समजावून कोण ऐकतंय साहेब. आमच्यात दोघी बोलत नसल्या की मी त्यांना मोठ्या चादरीच्या घडीला लावती. चार कोपरे, दोघीजणी. एकमेकीकडं बघितल्याबिगर घडी बसत नाही.” मालक माझ्याकडे बघून हसले. मग आम्ही पाच जणांनी, चार मालक आणि मी, चिठ्ठीवर पसंतीनं एक, दोन, तीन अशी नावं लिहिली. लिहायच्या आधी मी सगळ्यांना सांगून टाकलं की यातला एक माझ्या सरांचा मुलगा आहे, माझ्या कडेवर वाढलाय. ते चौघे माझ्या चिठ्ठीकडे बघूनच लिहिणार हेही मला ठाऊक होतं, आणि तसंच झालं. घडीवाली बाई पहिली आली, पुण्याचे गृहस्थ दुसरे, तुमचा मुलगा तिसरा. दुसऱ्या आलेल्याला गावोगावच्या नव्या मुली शोधायचं काम द्यायचं असंही तिथंच ठरलं. उठताना थोरले मालक म्हणाले, “मॅडम, मानलं तुमाला. घरचा माणूस, आन् सगळ्यात खाली.”

पुढचं सगळं आनंदाचंच आहे. मुली नव्या मॅनेजरला पहिल्या आठवड्यातच 'अक्का' म्हणायला लागल्या. अक्कानं भाषण दिलं नाही. सरावाच्या मॅट गुंडाळायच्या, उचलायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरायच्या, हे काम मुलींकडेच दिलं आणि जोड्या स्वतः लावल्या. पाचव्या पाटीवरच्या मुलीच्या जोडीला कप्तान. एक मॅट एकटीला उचलत नाही. पंधरा दिवस दोघींनी तोंडं फिरवून ओझी वाहिली, मग एकदा मॅट दारात अडकली आणि दोघी हसत सुटल्या, असं अक्कानं मला फोन करून सांगितलं. वगळलेल्या मैत्रिणीलाही तिनं राखीव म्हणून परत आणलं. पहिले दोन सामने हरलो. मालकांचे चेहरे बघण्यासारखे होते. मग जिंकायला लागलो ते थांबलोच नाही. अंतिम सामन्यात शेवटचं मिनिट चालू असताना एक गडी हवा होता. पळणारी पाचव्या पाटीपुढून हुलकावणी देत निघाली, मागून कप्तान आली, आणि तिनं तिथंच खो दिला. ती पोर टाचा उचलूनच बसली होती, सर. उठता उठता हात लांबवला आणि पळणारीची पाठ टिपली. मी खुर्चीवर उभी राहिले. मागचे लोक ओरडले, मी बसले नाही.

काकूंचा त्या दिवशी फोन आला. “लई झ्याक झालं बघ. तुझं सर आज आस्तं, तर त्येंनी अख्ख्या गल्लीला पेढं वाटलं आस्तं.” तुमच्या मुलाचाही निरोप आला. 'ताई, अभिनंदन. निवड अगदी बरोबर होती.' आता तो पुन्हा ताई म्हणतो. पुण्याचे गृहस्थ अजून एकाही गावात गेलेले नाहीत. मंगळवेढ्याला रेल्वे जाते का असं परवा मला विचारत होते.

हे सगळं तुम्हाला अभिमानानं सांगायला बसले आणि अभिमान आहेच. पहिलं नाव मी बरोबर लिहिलं, त्याबद्दल मी कुणापुढेही उभी राहीन. पण लीग संपल्यापासून मला चिठ्ठीवरच्या दुसऱ्या नावाची आठवण होते. मुलाखतीआधीचा काकूंचा तो फोन ऐकत असताना मी ठरवलं होतं की माझ्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही, आणि चिठ्ठी लिहिताना मला मुली दिसत नव्हत्या, सांगोल्याच्या शाळा दिसत नव्हत्या. मालक काय म्हणतील तेवढं ऐकू येत होतं, आणि ते तसंच म्हणाले, आणि मला ते गोड लागलं. हे पत्र पाठवायचंच झालं तर गाव तेच आहे, गल्ली तीच, घरही तेच. पाकिटावर नाव मात्र तुमचं चालणार नाही, आणि तिथं तुमच्या मुलाचं नाव लिहायचं धाडस मला अजून होत नाही. तो तिसरा नव्हता, सर. तो दुसरा होता, आणि तुमचा मुलगा आहे म्हणून मी त्याला तिसरा लिहिला.