पहिल्या नंबरावरची तीन अक्षरं

होनामी,

आज दहाला तपासणीसाठी अख्ख्या इमारतीची वीज जाणार. मॅनेजरच्या हातापाया पडलो, ऐकत नाही. टीव्हीला जोडलेला तो जुना आर्केड गेमचा बोर्ड तुझी आई गेल्यापासून मी एकदाही बंद केलेला नाही. त्याला बॅटरी नाही, वीज गेली की सगळे स्कोअर पुसले जातात. पहिल्या नंबरावर अजून तिच्याच नावाची तीन अक्षरं आहेत.

फोटो काढा म्हणशील. चाळीस काढले! प्रत्येकात काचेवर माझंच रडकं थोबाड.

मी तेन्नोजीला उदोन नूडल्स खायला चाललोय. भूक नाहीये. वीज झटक्यात गेली तर बोर्डच जळेल, म्हणून पावणेदहाला बटण तूच बंद कर, माझ्याने होत नाही. त्याआधी तिच्या कंट्रोलरवर एक डाव खेळ हवं तर. पण तिला हरवू नकोस.

बाबा