धाकटीच्या कोंबड्यांचा आजार

सोमवार, संध्याकाळ. उमरोळी.

गावभर आज माझ्या धाकट्या जावेचं, कल्पनाचंच नाव. तिच्या पोल्ट्रीत तपकिरी अंडी पांढुरकी पडायला लागली, तिला शंका आली, तिने कोंबड्यांच्या घशातले नमुने तपासायला पाठवले. नवाच विषाणू निघाला. म्हणून मी माझ्या कोंबड्यांची शेड वेळेत बंद केली, ये-जा थांबवली.

जनावरांचे डॉक्टर मला म्हणाले, "तिच्यामुळे तुमच्या कोंबड्या वाचल्या."

वाचल्या, खरंच. मग आनंद का होत नाही? ती पांढुरकी अंडी आधी माझ्याकडे का नाही पडली? असला विचार करते मी!

भेटायला गेले तर ती तिच्या शेडबाहेर रडत होती. "निम्म्या गेल्या, ताई. तुमच्या बऱ्या हायत ना?"

रडतानाही तिने माझीच चौकशी केली. त्याचाही मला रागच आला.