मायचा दुसरा बाप्तिस्मा

माय, उद्या रविवारी सकाळी मला लातूरला जायचं आहे आणि आज शनिवारी दुपारपासूनच मला भीती वाटते आहे. तुझ्या नातीला, म्हणजे माझ्या लेकीला, मुलगी झाली. अडीच महिन्यांची आहे. तू मला फडक्यात गुंडाळून ज्या चर्चमध्ये नेलं होतंस, त्याच चर्चमध्ये उद्या तिथले आताचे पाळकसाहेब तिच्या कपाळावर तीन वेळा पाणी शिंपडणार आणि तिला तुझं नाव ठेवणार. लेकीनं मागच्या आठवड्यात फोन केला. म्हणाली, "बाबा, बाळाला तुम्ही धरायचं. बोलायचं काही नाही, नुसतं धरून उभं राहायचं. नक्की याल ना?" मी हो म्हणालो. कुणीही आजोबा नाचत गेला असता. पण मी तीसेक वर्षं ज्या सहवासात, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या ज्या छोट्या मंडळीत आहे, तिथं लहान लेकराला पाणी शिंपडणं हा बाप्तिस्माच नव्हे. माणसानं कळत्या वयात, स्वतः विश्वास धरून, पाण्यात पुरतं बुडून वर यावं, तोच खरा. हे तुला सांगायला नको. तुला ते मीच ऐकवलं होतं, आणि ज्या तोंडानं ऐकवलं ते आठवलं की आज मान वर होत नाही.

मी नांदेडच्या डेपोत मेकॅनिक म्हणून लागलो तेव्हाचे दिवस तुला ठाऊक आहेत. एकटा राहायचो आणि पगार झाला की दारूच्या दुकानात जायचो. सोबतच्या एकानं मला नायगावजवळच्या एका शेतातल्या सभेला नेलं. पत्र्याचं शेड, खाली सतरंजी, वीस-पंचवीस माणसं. त्यांचे पुढारी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवायचे, सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्या भाऊंनी मला आठ महिने धरून ठेवलं. मी नाल्याकाठी पडलेला असलो तरी शोधून आणायचे, अंघोळ घालायचे, एक शब्द वाकडा बोलायचे नाहीत. दारू सुटली. मी विहिरीवरच्या हौदात बाप्तिस्मा घेतला आणि नायगावलाच राहायला आलो. इथवर सगळं चांगलं झालं, माय, देवाशपथ चांगलं झालं. पुढचं मात्र माझं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

तुझा बोर्डिंगातला स्वयंपाक डोळ्यांपुढून हलत नाही. मिशनच्या बोर्डिंगात ऐंशी लेकरं, आणि तू पहाटेपासून चुलीपुढं. भाकरी थापताना तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असायच्या. मी सुट्टीला आलो की त्या धुरात बसून तुला सांगायचो की तुमचं शिंपडलेलं पाणी खोटं आहे, तुझं तारण झालेलं नाही, तू अशीच मेलीस तर आपली वर भेट होणार नाही. तू भाकरी उलटायचीस. एकदा म्हातारे पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले, आपल्या ख्रिस्ती रिवाजानं "सलाम" म्हणाले, आणि मी तोंड फिरवलं. ते गेल्यावर तू उलथणं खाली ठेवलंस. "किल्लारीला भूकंप झाला तवा मी सतरा दिस तिथं डाळ शिजवली," म्हणालीस. "सिस्टरलोकं व्हती, आपले पाळक व्हते, तुझे हौदवाले बी व्हते. एकाच डेगीतलं खाल्लं समद्यांनी. शिंपडलेली का बुडवलेली, कुनी इचारलं न्हाई. आन तू माज्याच घरात बसून मला नरक दाखवून राहिलास?" मी उठून गेलो. त्यानंतर तुझ्या हातचं खायचं मी सोडलं. सहवासात कुणी तसं सांगितलं नव्हतं, भाऊंना तर माहीतही नव्हतं. ते मी माझ्याच डोक्यानं काढलं. लातूरला यायचो, दोन तास बसायचो, स्टँडवर केळी खाऊन परत यायचो. तू ताट वाढायचीस आणि झाकून ठेवायचीस. असं दीड वर्ष चाललं.

पाण्याला तू किती भ्यायचीस! तुझी धाकटी बहीण बारवेत बुडाली, तेव्हा तू काठावर होतीस, सात-आठ वर्षांची. त्यानंतर तू कधी विहिरीत डोकावली नाहीस. नळाखाली घागर भरतानासुद्धा मागं सरून उभी राहायचीस. आणि तीच तू एका शनिवारी, थंडीच्या दिवसांत, एकटी एसटीनं नायगावला आलीस. हातात पिशवी, पिशवीत कोरडं लुगडं. "चल," म्हणालीस, "कुठं हाय तुझा हौद?"

मी हौदात उभा आहे, छातीएवढ्या पाण्यात. दुसऱ्या बाजूला भाऊ. भिंतीला शेवाळ धरलेलं, पाणी नुकतंच मोटारीनं वर आलेलं, गार. सहवासातल्या दोघी बहिणी तुला काठावरून आत उतरवतात आणि तुझा श्वास अडकतो. तू माझं मनगट धरतेस. भाऊ हळूच विचारतात, "माय, इस्वास धरता का?" तू त्यांच्याकडं बघतच नाहीस. माझ्याकडं बघतेस आणि म्हणतेस, "हाव." मग आम्ही तुला मागं झुकवतो. पाण्याखाली तुझे डोळे उघडे आहेत. तू वर येतेस, खोकतेस, लटलट कापतेस, माझ्या मनगटात तुझी नखं रुतलेली आहेत. काठावर सगळे गायला लागतात, टाळ्या वाजायला लागतात, आणि त्या गलक्यात तू माझ्या कानाशी येऊन म्हणतेस, "आता जेवशील का माज्या हातचं?"

मी ऐकलं होतं, माय. कदाचित तुला वाटलं असेल, गाण्यात ऐकू गेलं नाही. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही हे मी चारी बाजूंना बघून घेतलं. आणि तासाभरानं शेडमध्ये उभा राहून साक्ष दिली की आज माझ्या आईनं सत्य ओळखलं. बाया रडल्या, भाऊंनी मला मिठी मारली. त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीत स्टोव्हवर पिठलं केलंस, दोन भाकरी केल्यास, आणि मी जेवलो. पुढच्या रविवारी तू लातूरला परत आपल्या जुन्या चर्चच्या त्याच बाकावर जाऊन बसलीस, ते मी सहवासात कुणाला कळू दिलं नाही. ती साक्ष मात्र मी वर्षानुवर्षं देत राहिलो. इस्लापूरकडच्या सभेत दिली, देगलूरला दिली, आपल्या नायगावात तर कितीदा दिली. माझ्या आईची गोष्ट ऐकून कितीतरी म्हाताऱ्या बाया भीत भीत हौदात उतरल्या. त्यांच्यातल्या किती जणी लेकासाठी उतरल्या असतील, देव जाणे.

तुझ्या मातीला मी आलो होतो. तेच पाळकसाहेब, तोवर पार थकलेले. त्यांनी मला पुढं बोलावलं आणि मूठभर माती माझ्या हातात दिली. मी ती टाकली. त्यांनी प्रार्थना केली, सगळे "आमेन" म्हणाले, आणि मी ओठ दाबून गप्प उभा राहिलो. सख्ख्या आईच्या कबरीवर लेकानं आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांच्या लक्षात आलं असणार, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आता मला भीती कशाची वाटते ते सांगतो. लेकीचं लग्न जुन्या मंडळीत, म्हणजे तुझ्या चर्चमधल्या घरात झालं तेव्हा भाऊंनी कानाडोळा केला. पण उद्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि बुधवारी ते घरी आले. त्यांना दमा आहे, चार पायऱ्या चढून आले की बोलता येत नाही. पाणी प्याले, मग म्हणाले, "आपण वैर करून राहिलो का त्यांच्यासंगं? न्हाई. पन तुमी लेकरू धरून उभं राहिलात म्हंजी ते खरं हाय असं म्हटल्यावानी व्हतं. मग मला मंडळीपुढं तुमचं नाव यादीतून काढावं लागंल. मला ते करायला लावू नका, लई जड जाईल." बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते दुष्ट असते तर सोपं होतं, माय. हाच माणूस तीन वर्षांपूर्वी तुझी सून गेली तेव्हा खड्डा खणायला स्वतः उतरला होता, दम्यासकट. महिनाभर माझ्या घरी डबा आला, रोज वेगळ्या घरून.

आणि नाव काढलेल्या माणसाचं काय होतं, ते मला माहीत आहे. आमच्यातली एक बहीण लेकरू आजारी म्हणून सिस्टरलोकांच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये नऊ दिवस प्रार्थनेला गेली, तिचं नाव काढलं गेलं. वर्षभरानं तिचा नवरा वारला. पेटी उचलायला चार माणसं जमेनात. तिनं माझ्या दाराची कडी वाजवली होती. मी आत खाटेवर बसून होतो, उघडलं नाही. शेवटी शेजारच्या किराणावाल्या अप्पांनी, गळ्यात लिंग बांधणाऱ्या लिंगायत माणसानं, आपल्या दोन पोरांना घेऊन खांदा दिला. मी आता साठीचा आहे, घरात एकटा. मी मेलो तर कोण येईल, हा विचार माझ्या मनात रोज येतो. लेक लातूरला. इथं जी माणसं आहेत ती सगळी सहवासातली. उद्यानंतर तीही माझ्या दाराशी येणार नाहीत, आणि तसं त्यांना मीच शिकवलं आहे.

दुसरी भीती याहून वाईट. तुझा तो "हाव" देवानं कसा धरला असेल? विश्वासाविना घेतलेला बाप्तिस्मा खोटा, असं आम्ही शिकवतो. तो खोटा असेल तर तुला खोटं बोलायला मी लावलं. आणि खरा असेल, म्हणजे लेकानं दोन घास खावेत म्हणून आयुष्यभराच्या भीतीत उतरणं हाच विश्वास असेल, तर तसलं मी आजवर एकदाही काही केलेलं नाही. दोन्हीकडून मीच सापडतो. तुझ्यासमोर उभं राहायचं म्हटलं तर देवासमोर उभं राहण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आज सकाळी भाऊंचा फोन आला. "उद्या प्रभुभोजनाची भाकर मोडायला तुमीच उभं ऱ्हावा," म्हणाले. किती आशेनं म्हणाले! आणि मी पटकन बोलून गेलो की मला ताप आहे. साठ वर्षांचा घोडा, शाळेतल्या पोरासारखा. मला वाटलं, गुपचूप पहाटेच्या गाडीनं नांदेड, तिथून लातूर, आणि अंधार पडायच्या आत घरात. दोन दगडांवर पाय. पण भाऊ म्हणाले, "आरं द्येवा! घाबरू नका. सभा उरकली की समदे तुमच्याकडंच येतो, हात ठेवून प्रार्थना करू. माजी घरवाली पेज करून देतीया." आता उद्या बारा वाजता वीस-पंचवीस माणसं पेजेचा डबा घेऊन माझ्या कुलपापुढं उभी राहणार. ती त्यांची माया आहे, खरीखुरी, आणि तिचीच मला धडकी भरली आहे.

म्हणून तुला लिहायला बसलो, जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर. हे तुला पोचणार नाही, आणि पोचणार नाही म्हणूनच लिहवलं. तू असतीस तर समोर बसून दोन तास इकडचं तिकडचं बोललो असतो आणि स्टँडवर गेलो असतो.

मधे उठलो. पाणी प्यालो आणि भाऊंना फोन लावला. एका दमात सांगितलं, "भाऊ, मला ताप नाही, खोटं बोललो. उद्या लातूरला चाललोय, नातीला धरायला. आणि माझी माय हौदात उतरली ती माझ्यासाठी उतरली, मी तिच्या हातचं खात नव्हतो म्हणून. मी इतकी वर्षं साक्ष खोटी दिली." पलीकडं त्यांचा श्वास घरघरला. मग ते म्हणाले, "ऐका..." आणि मी फोन ठेवून दिला. पुढचं ऐकायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून त्यांचा फोन तीनदा वाजून गेला. नाव काढलं म्हणून सांगत असतील, की रडत असतील, की गाडी किती वाजताची ते विचारत असतील, मला कळायला मार्ग नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, बाळाचं अंगडं आणि टोपरं घेतलं आहे, उद्या जाणार हे नक्की. आत्ता चौथ्यांदा वाजतो आहे, माय, आणि मी उचलत नाही.