आईच्या हयातीचा दाखला

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी नोव्हेंबर आला की तुम्ही घरातच असल्यासारखं वाटतं. कोवळं ऊन ओट्यापर्यंत येतं, पोह्यांची वाफ त्यात तरंगत राहते आणि मला पलासियाच्या बँकेतलं तुमचं टेबल दिसू लागतं. पेन्शनवाल्यांचा महिना. हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून रांगेत बसली आहेत आणि तुम्ही एकेकाला समोर बसवून विचारताय, "क्यों दादाजी, घुटना कैसा है?" उत्तर पूर्ण ऐकायचं, मगच सही. रांग वैतागायची, मॅनेजर वैतागायचे, तुम्ही ढिम्म.

एका रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून तुम्ही शहराबाहेर सिमरोलला गेलात. तिथले एक रिटायर्ड चपराशी खाटेला खिळले होते, त्यांना बँकेत येणं जमत नव्हतं. तुम्ही खाटेशेजारी बसलात ते बसलातच. शेतावरून गार वारा येतोय, ते काहीतरी पुटपुटतायत, तुम्ही मान हलवताय. मला मॅच गाठायची होती. मी म्हणालो, "बाबा, जिवंत आहेत ना, करा की सही!" तुम्ही सगळ्यांदेखत माझा कान पिळलात. "आधी भेटू दे त्यांना. सही कुठे पळून चाललीये?" इतका राग तुम्हाला क्वचितच यायचा.

आता तुमच्यामागे आईला जी पेन्शन मिळते, तिच्यासाठी बँकेत जावं लागत नाही. मोबाइलला चेहरा दाखवायचा, पापण्या मिटून उघडायच्या, स्क्रीनवरचं गोल हिरवं झालं की काम झालं. आई तरीही पावडर लावून, केस नीट करून खुर्चीत बसली. मी फोन धरला. 'चेहरा जुळत नाही.' खिडकीपाशी, गच्चीत, चष्म्यासकट, चष्म्याशिवाय, चार दिवस तेच. पुढच्या महिन्यात पेन्शन थांबली. तेवढेच तिचे स्वतःचे पैसे, माझ्याकडे तिनं कधी मागितले नाहीत. "अरे, म्हणजे याच्या हिसाबाने मी गेलेच की काय?" असं म्हणून ती हसली. माझं डोकं फिरलं. कॉलनीत भेटेल त्याच्यापाशी मी त्या यंत्राच्या नावानं बोटं मोडली.

शेवटी तिला रिक्षानं पलासियाला नेलं. तुमच्या टेबलाच्या जागी काचेची केबिन आहे. आत सगळं गार आणि पाण्याखाली असल्यासारखं शांत. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. "मॅडम, आपका ऐप बेकार है, मेरी माँ को पहचानता ही नहीं." काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनवरचा आईच्या खात्यातला जुना फोटो पाहिला, मग आईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "अंकल, आंटीजी तो बहोत दुबली हो गई हैं. इनकी तबीयत ठीक है ना?"

"कुछ नहीं बेटा, उमर है," आई लगेच म्हणाली. मुलीनं कागदाचा फॉर्म काढला, आईची सही घेतली, शिक्का मारला. पेन्शन सुरू होईल म्हणाली.

परतताना रिक्षात मी आईकडे पाहिलं. गालांची हाडं वर आलेली, ब्लाउजच्या बाह्या लोंबतायत, घड्याळ मनगटावरून घसरतंय. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, राखीपासून घास गिळताना अडकतो. "तुझी इतकी धावपळ, त्यात अजून माझं कशाला?" सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. मला भीती वाटतेय, बाबा. एका घरात राहतो, एका ओट्यावरचं जेवतो. चार दिवस तिच्या तोंडासमोर फोन धरून बसलो आणि स्क्रीनवरचं ते गोल हिरवं होतंय का, एवढंच बघत राहिलो.

ही चिठ्ठी टाकायची कुठे, म्हणून इथेच राहील. पण तुम्हाला म्हणून सांगतो. ज्या यंत्राला मी कॉलनीभर शिव्या घातल्या, त्याला आईचा चेहरा बदललाय हे माझ्याआधी कळलं होतं.