न निघणारे दात

४ नोव्हेंबर १९५६, अहेरी

वही, पावसाळाभर तुला हात लावला नाही. माफ कर. लिहिण्यासारखे नव्हते असे नाही — लिहायला बसलो असतो तर कामावरच शंका आली असती.

दोघा रुग्णांची कामे पुरी झाली. दोघांच्याही तोंडात एकही दात नव्हता, आणि कवळी टिकेल इतका हिरडीचा उंचवटाही उरला नव्हता. हिरडी उघडून जबड्याच्या हाडावर धातूची जाळी बसवली, तिचे खुंट हिरडीतून वर काढले, त्यांवर दातांची पंगत. मुंबईत शिकलो ते इथे करून पाहिले. पंगत खुंटांवर धरून ठेवायची कशी, एवढाच प्रश्न होता. चामोर्शीच्या नानाजींना बारीक स्क्रूंनी बसवली. "मी का सायकल हाव का, डाक्टरसायेब?" म्हणाले. बुधरीबाईला सिमेंटने. दोन्ही तऱ्हा समजावून सांगितल्या, तर म्हणाली, "कोनाले काढता नाई आले पायजे." मी हसून विचारले, मलाही? "तुले बी."

तिच्या पुढच्या दातांची मुळे हाडात तशीच होती. किडलेली नव्हती. दात कसे गेले, विचारले होते. "पडले." मी पुन्हा विचारले नाही. का नाही विचारले?

२१ नोव्हेंबर

नानाजींचे स्क्रू सैल होतात. जेवताना टकटक वाजतात, सून तोंडाला पदर लावून हसते म्हणे. ते येतात, मी घट्ट करून देतो. पण उघडून खालची हिरडी बघता येते, धुता येते. बुधरीबाईचे ढिम्म हलत नाहीत. खाली काय चालले आहे ते कळायला मात्र मार्ग नाही. तरी मन सिमेंटचीच बाजू घेते. काम पक्के दिसते म्हणून?

तिला माझ्याकडे आणणारा तिचा भाचा लालसू आज बाजाराला आला होता. मावशी दारात बसून दिवसभर ओठ हलवते म्हणाला. चावत नाही — बोलते. एकच शब्द. कोणता, ते सांगेना.

२६ नोव्हेंबर

शब्द कळला. सुकरी. तिची मेलेली मुलगी. दात नव्हते तोवर 'स' उमटत नव्हता, नुसती हवा जायची. इतकी वर्षे लेकीचे नाव तिला घेता आले नव्हते!

पण तिच्या गावात दुसरी सुकरी आहे. गेलेले माणूस परत येते, म्हणून पुढे जन्मलेल्या एका पोरीला तेच नाव ठेवले. ती तापाने पडली आहे.

२८ नोव्हेंबर

बुधरीबाईच्या गावचे चौघे आले. रागात नव्हते, त्याचीच भीती वाटली. म्हातारा चैतू ओट्याखाली उभा राहून, समजूत घालावी तसा म्हणाला, "तिचे दात आमीच पाडलो होतो, डाक्टर. मंतर नाई म्हनता आला पायजे म्हून. तू काऊन लावून देल्ला?"

ताप डासांचा, मंत्राचा नाही, हे सांगितले. ऐकून घेतले. मग म्हणाले, काढ. स्क्रू असते तर त्यांच्यादेखत काढून हातात दिले असते, आणि तिच्या जिवावरचे टळले असते. सिमेंट हाड फोडल्याशिवाय सुटायचे नाही, असे बोलून गेलो. चैतूने मान डोलावली — जणू मी उपाय सांगितला.

पक्के, पक्के! किती कौतुकाने म्हणत होतो.

२९ नोव्हेंबर

क्विनीन घेऊन गावात गेलो. पोरीला डोस पाजला. ती डोळे मिटून निपचित होती. एकदम म्हणाली, "ओ." हाकेला द्यावी तशी. झोपडीत कोणी हाक मारली नव्हती. मी दाराबाहेर पाहिले. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला बुधरीबाई दारात बसली होती. तिचे ओठ नुकतेच मिटत होते.

तापात मुले बरळतात. मला हे ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला, हेही लिहून ठेवतो.

बुधरीबाईकडे जाऊन विनवले, नाव घेऊ नको. म्हणाली, "त्याच्याचसाठी तं दात मांगलो." अहेरीला चल म्हटले तर उठेना. इथून हाक ऐकू जाते म्हणाली. लालसू म्हणाला, तिच्या दारात मी उभा राहतो.

मी परत आलो. यायला नको होते.

४ डिसेंबर

पोरीचा ताप उतरला. निरोप चैतूनेच पाठवला. ती विचारते म्हणे — आता मले कोनी बलावत नाई काऊन?

६ डिसेंबर

लालसू आला. तोंडावर गमछा. पुढचे दात नाहीत. मुळे हाडात तशीच. मावशीचे दात निघेनात, तेव्हा तिला डॉक्टरकडे कोणी नेले, हा विचार झाला, आणि त्याचे पाडले. मावशी जिवंत आहे. दात आहेत, पण तोंड मिटून बसते.

स्क्रू की सिमेंट — सवयीने विचारून गेलो. त्याचे बोलणे फुटत होते, पुन्हा पुन्हा ऐकून कळले ते असे : "गावात जाताना काढून कमरेले खोसता येतीन, असे दे."

उद्या : लालसूच्या तोंडाचे माप घेणे.