यादीत नसलेली निळी बादली

प्रति,
मा. प्रमुख, परिचालन विभाग,
कणशोधक प्रकल्प, मुख्य इमारत, दुसरा मजला
(लिफ्टसमोरची खोली. दार आतून बंद असल्यास फटीतून सरकवावा.)

विषय : चौदा नंबरची गळती-वायर पुन्हा जोडणे, एक निळी बादली साहित्य-यादीत घेणे आणि माझे पाळी-प्रमाणपत्र परत करणे, याच क्रमाने.

संदर्भ : १) आपले ज्ञापन क्र. ४१७, दि. ३ मार्च.
२) आपले ज्ञापन क्र. ४१७-अ, त्याच दिवशीचे, पहिल्यातील माझ्या हुद्द्याची चूक कायम ठेवणारे.
३) कार्यपुस्तिका, नियम ७.

महोदय,

अर्जाची सुरुवात 'सविनय' या शब्दाने करायची असते. तो मी आपल्या पहिल्या ज्ञापनाच्या उत्तरात वापरला, दुसऱ्याच्या उत्तरातही वापरला. आता माझ्याकडचा साठा संपला आहे. तरी अर्ज दाखल करून घ्यावा.

१. मी गेली एकोणीस वर्षे नियंत्रण कक्षात पाळीवर बसतो. म्हणजे बसत होतो. ३ मार्चपासून, त्या कक्षात बसण्याचे माझे पाळी-प्रमाणपत्र काढून घेऊन, मला भांडारात स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करायला बसवले आहे. नियंत्रण कक्षात काय चालते हे, आपण विभागप्रमुख असल्यामुळे, आपणास ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. जमिनीखाली चार मजले उतरल्यावर जो हॉल लागतो त्यात शोधक उभा आहे. वर आम्ही दोघे जण सहा पडद्यांसमोर बसून त्याचा वीजदाब, वायूचे मिश्रण, तापमान, हवेतली ओल आणि थंड पाण्याचा दाब पाहतो. प्रत्येक यंत्राचा पडद्यावर एक चौकोन. हिरवा असला तर बरे, पिवळा झाला तर बघायचे, लाल झाला तर फोन करायचा. दर दोन तासांनी तक्ता भरायचा, खाली 'सर्व ठीक' लिहायचे, सही करायची. काम कंटाळवाणे आहे. ते कंटाळवाणे राहावे यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

२. आता बादलीविषयी. शोधकाच्या पोटाखाली थंड पाण्याच्या परतीच्या नळाला एक जोड आहे. तो सात वर्षांपूर्वी ठिबकू लागला. तेव्हा शीतकरणाचे काम बघणारे गृहस्थ होते, त्यांना सगळे कूलिंगकाका म्हणत. जोड बदलायचा तर शोधक तीन आठवडे बंद ठेवावा लागेल, असे त्यांनी या कार्यालयास लेखी कळवले. कार्यालयाने प्रस्ताव विचाराधीन ठेवला. काकांनी दोन दिवसांसाठी म्हणून खाली एक निळी प्लॅस्टिकची बादली ठेवली. काका निवृत्त झाले, प्रस्ताव अजून विचाराधीन आहे, आणि बादली मात्र रोज न चुकता भरत राहिली. या संस्थेत इतकी नियमित हजेरी दुसऱ्या कोणाची नाही.

जाताना काका मला खाली घेऊन गेले आणि म्हणाले, "बाकी सगळं पडद्यावर दिसतं रे. ही दिसत नाही. हिला तू सांभाळ." त्यांचे म्हणणे खरे होते. जेवढे पाणी ठिबकते तेवढे टाकी आपोआप भरून घेते, म्हणून पडद्यावर पातळी सदैव हिरवी. जोडाच्या भोवती जमिनीवर चौदा नंबरची गळती-वायर टाकलेली आहे, पण पाणी बादलीत पडत असल्याने ती सात वर्षे कोरडी. अर्थात त्या वायरीने सात वर्षांत एकदाही खोटी सूचना दिली नाही. खरीही दिली नाही.

३. सकाळी आठ ते नऊ हॉल उघडतो. त्या तासात सकाळच्या पाळीवाल्याने चार मजले उतरायचे, बादली मोरीत रिकामी करायची, परत जागेवर ठेवायची, वर येऊन नोंदवहीत तीन शब्द लिहायचे : 'खाली जाऊन आलो'. हे कुठल्याही पुस्तिकेत नाही. एकाने दुसऱ्याला सांगत आलेले आहे. घरी मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा सौ. म्हणाली, "एवढं शिकून शेवटी पाणीच भरताय ना." मी म्हटले, भरत नाही, ओततो. तेव्हापासून आजतागायत तिने मला घरातली एकही बादली उचलू दिलेली नाही.

आपल्या चौकशी समितीने नोंदवहीतील हे तीन शब्द दोन हजार पाचशे सहा वेळा आढळल्याचे नमूद करून, ते 'कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक कारण' असल्याचा निष्कर्ष काढला आहे. सात वर्षे, रोज, ठरल्या वेळी, चार मजले उतरून. समितीच्या सदस्यांच्या प्रकृतीविषयी मला काळजी वाटते.

४. पाहणीसाठी बाहेरची समिती येणार म्हणून आपण परिपत्रक काढले, की यादीत नसलेली प्रत्येक वस्तू हॉलमधून हलवावी. फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी आठ ते नऊ या वेळात आपण स्वतः खाली उभे राहून सफाई करून घेतली, आणि पाहणी संपेपर्यंत आमच्यापैकी कोणालाही खाली येऊ दिले नाही. मी फोन करून सांगितले, की साहेब, पोटाखालची बादली तेवढी राहू द्या. आपले उत्तर असे : "बादली? अहो, परदेशातून माणसं येतायत, त्यांना बादली दाखवू का?" सफाईवाल्यांनी ती ओढून काढताना जोडाला धक्का लागला. हे मला सफाईवाल्या मावशींनी सांगितले. त्यांना समितीने बोलावलेच नाही, कारण समितीला साक्षीदार पदवीधर हवे होते.

५. मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपण पाहुण्यांना घेऊन नियंत्रण कक्षात उभे होतात. आपण म्हणत होतात, "इथे आपण पाहालच, सगळं हिरवं." त्याच वेळी चौदा नंबर लाल झाला. आपण माझ्या खांद्यावरून वाकून हळू आवाजात म्हणालात, "नेहमीचं आहे, 'पाहिले' दाबा आणि हसा." मी 'पाहिले' दाबले. हसण्याचे बटण आमच्या पडद्यावर नाही.

शीतकरणाच्या तज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, "मी गाडी चालवतोय, पंधरा मिनिटं थांबा." त्या जागी विजेच्या पेट्या जमिनीपासून एक वीत उंचीवर आहेत. पाणी पंधरा मिनिटे थांबेल अशी खात्री तज्ज्ञांनी दिली नाही, आणि पाण्याकडे फोन नाही. नियम ७ म्हणतो : गळतीची सूचना आल्यास व तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास निरीक्षकाने वीजदाब उतरवावा. मी उतरवला. शोधक अकरा तास बंद राहिला. तो आज चालू आहे तो त्या अकरा तासांमुळे.

६. आता आपले ज्ञापन. त्यातील युक्तिवाद मी भांडारात बसून अनेकदा वाचला, कारण स्क्रूंना घाई नसते. तो असा : बादली साहित्य-यादीत नाही, सबब ती हॉलमध्ये नव्हती. नसलेली वस्तू हलवता येत नाही, सबब ती हलवली गेली नाही. बादली हलली नाही, सबब पाणी सांडले नाही. पाणी सांडले नाही तरी वायरीने सूचना दिली, सबब वायर नादुरुस्त. आणि नादुरुस्त वायरीवर विश्वास ठेवला, सबब अर्जदार अपात्र. पुढे आपण स्वतः लिहिता : 'मी तत्काळ प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री केली. जमीन पूर्णपणे कोरडी होती.'

असे तर्कशास्त्र शिकवणारे शिक्षक मला शाळेत मिळाले असते तर मीही आज दुसऱ्या मजल्यावर असतो.

७. इथपर्यंत प्रकरण माझ्यापुरते होते. एकोणीस वर्षे ज्या खुर्चीवर बसलो ती गेली, याचे दुःख मी घरी करीन, आपल्या कार्यालयात नाही. परंतु ज्ञापनाच्या शेवटी आपण दोन आदेश दिले आहेत. पहिला, चौदा नंबरच्या वायरीची सूचना कायमची बंद करावी. दुसरा, 'वैयक्तिक कारणासाठी खाली जाणे' आठवड्यातून एकदाच, तेही पूर्वपरवानगीने.

माझ्या जागी आता वायूची व्यवस्था बघणाऱ्या बाई सकाळच्या पाळीला असतात. त्यांना आम्ही वायूताई म्हणतो. जोड कसाबसा आवळला आहे, पण ठिबकणे चालूच आहे. ताईंनी घरून कपडे भिजवायचा टब आणून नळामागे, पाहुण्यांना व आपणास दिसणार नाही असा, ठेवला आहे. गुरुवारी त्या तो रिकामा करून आल्या व वहीत नेहमीचे तीन शब्द लिहिले, तर दुपारी त्यांना आपल्याकडून विचारणा आली, की आपणास काही आजार आहे काय. त्या मला भांडारात येऊन म्हणाल्या, "दादा, मी लाजेनं मेले नाही एवढंच. पण टब तीन दिवसांत भरतो, आणि मला परवानगी सातव्या दिवशी आहे. मधले चार दिवस मी काय करू, ते तुम्ही साहेबांना विचारा."

म्हणून विचारतो. टब चौथ्या दिवशी सांडेल. वायर आपण तोडलेली आहे, त्यामुळे पडद्यावर काहीही दिसणार नाही. ताई दर दोन तासांनी 'सर्व ठीक' लिहून सही करतील, आणि ती सही नियमाप्रमाणे बरोबर असेल. पेट्या एक वीत उंचीवरच आहेत. त्या वर सरकवण्याचे परिपत्रक अद्याप निघालेले नाही.

८. वायूताईंच्या आजाराची चौकशी करण्याऐवजी आपण त्यांची लेखी माफी मागावी, अशी माझी सूचना आहे. ती विषयात घातलेली नाही, कारण तिच्याबद्दल मला फारशी आशा नाही.

९. आपण मला येत्या शुक्रवारपर्यंत 'हॉलमध्ये पाणी नव्हते. मी गैरसमजातून वीजदाब उतरवला' अशा निवेदनावर सही करण्यास सांगितले आहे. सही केल्यास प्रमाणपत्र परत, न केल्यास स्क्रू. सासरेबुवा म्हणतात, "करून टाका जावईबापू, एका ओळीनं काय होतं." सौ. म्हणते, "केलीत तर उद्यापासून स्वयंपाकघरातला नळ गळतोय हेही मी तुम्हाला सांगणार नाही." मी दोन्ही बाजू ऐकल्या.

पाळीवर मी आजवर जी प्रत्येक ओळ लिहिली ती डोळ्यांनी बघून लिहिली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून हिरवे लिहिण्याची मला सवय नाही. तरीही कार्यालयाची अडचण मी समजतो. सबब मी सही करण्यास तयार आहे. अट एकच : सोबतच्या छायाचित्राखाली आपणही तेवढ्याच अर्थाची एक ओळ सही करून द्यावी. दोन्ही कागद एकत्र पाहुण्या समितीकडे जातील. छायाचित्र त्यांच्याच माणसाने काढलेले असून नियंत्रण कक्षाच्या पत्त्यावर आठवण म्हणून पाठवले आहे. ते मी अद्याप कोणालाही दाखवलेले नाही. सौ.ने पाहिले, पण ती पदवीधर असूनही तिला साक्षीला बोलावलेले नाही.

आपणास सही करणे गैरसोयीचे वाटल्यास, वायर जोडण्याचे काम वीस मिनिटांचे आहे. टब सोमवारी सांडेल.

आपल्याच आस्थापनेवरील,
(सही)
पाळी-निरीक्षक, नियंत्रण कक्ष
सध्या मुक्काम भांडार, खिडकी क्र. २

दिनांक : १४ मार्च, शनिवार

सोबत :
१) कूलिंगकाकांच्या सात वर्षांपूर्वीच्या प्रस्तावाची प्रत, आपल्या 'पाहिले' या शेऱ्यासह.
२) नोंदवहीतील दोन हजार पाचशे सहा नोंदींची यादी.
३) सफाईवाल्या मावशींचे निवेदन, अंगठ्याच्या ठशासह. मजकूर त्यांनी सांगितला तसा, शिव्या वगळून.
४) छायाचित्र, एक. स्थळ : हॉल, शोधकाच्या पोटाखाली. वेळ : मंगळवार, अकरा वाजून पन्नास मिनिटे. मध्यभागी आपण, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बूट, दुसऱ्या हातात मोजे. खाली 'जमीन पूर्णपणे कोरडी होती' असे टंकलिखित करून सहीसाठी जागा सोडली आहे.