लांब मानेचं मशीन आणि तानीची बुट्टी

२ सप्टेंबर १९७९, रविवार

लिहायला उशीर झाला, माफी असावी. खताच्या दुकानदारानं ही डायरी जानेवारीत दिली. पहिल्या तारखेपासूनच लिहिणार होतो. आधी पेनातली शाई वाळली, मग चष्म्याची काडी मोडली, मग उन्हाळा होता. आता मात्र रोज लिहायचं. माझं शिक्षण मराठी चौथी, पण तेव्हाची चौथी. माफी कुणाची मागतोय कोण जाणे. ही वही दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

ठराव: दसऱ्याला दारात मशीन. शेण, खत, वैरण, सगळं उचलणारं.

हा शब्द मी तानीला दिलाय. तानी म्हणजे माझी बायको. गेल्या साली गोठ्यात शेणाची बुट्टी डोक्यावर असतानाच घेरी येऊन पडली, ती उठली नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता. कृष्णात, माझा मुलगा, म्हणाला, "आई, गाई इकत न्हाय." कावळा हलला नाही. शेजारचा पिराजी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "वैनी, केरबाची तंबाखू सोडवतो." कावळा एक फांदी लांब गेला. शेवटी मी हात जोडले. म्हणालो, "तानी, बुट्टी उचलायचं काम बंद. मशीन आणतो." कावळा सरळ खाली आला आणि शिवला. सगळ्यांनी बघितलं.

तेव्हापासून मशीनचा अभ्यास चालू आहे. घाई करून चालत नाही.

४ सप्टेंबर, सकाळ

लिहू का नको असं झालंय. पहाटे गोठ्यातून आवाज आला. फरशीवर बुट्टी ओढल्याचा. खर्रर्र. मग पावलं उकिरड्याकडं, मग परत. जन्मभर ऐकलेला आवाज, चुकायचा कसा?

तिकडं गेलो नाही. गुडघा दुखतो.

उजाडल्यावर गेलो. शेण काढलेलं. खुंटीवर तानीची चुंबळ टांगलेली, डोक्यावर बुट्टीखाली ठेवायची ती. हात लावला. ओली होती. हात झटकला आणि बाहेर आलो.

तानी गेल्यापासून गोठा कोण झाडतं याचा मी कधी विचार केला नव्हता. गोठा आपला स्वच्छ असतो. आता कळलं. शब्द पाळला नाही म्हणून बिचारी अजून राबतेय.

घरात कुणाला सांगितलं नाही. उगाच घाबरतील. मी घाबरलेलो नाही.

७ सप्टेंबर

एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. शोरूममधल्या पोरसवदा एजंटानं खुर्ची दिली, चहा दिला. दोन कागद दिले. एकावर ट्रॅक्टर, पुढं लोखंडी सुपासारखी बकेट बसवलेला. दुसऱ्यावर पॉवर टिलर, मागं छोटी ट्रॉली.

पण माझं लक्ष भिंतीवर. तिथं रंगीत फोटो होता. पिवळं मशीन, त्याला लांब मान. मान आणखी लांब होते म्हणे, दुर्बिणीसारखी एकातून एक निघते. टोकाला काटे. गवताचा भारा माळ्यावर अलगद ठेवतंय. आत बसलेला गोरा माणूस हसतोय. तानीच्या मानेवर इतकी वर्षं जे ओझं होतं ते या मानेवर. मला गलबलून आलं.

एजंट म्हणाला, "पावणं, त्यो फोटो भिंतीसाठी हाय. मशीन विलायतेत मिळतंय."

मी विचारलं, इकडं कधी येणार?

म्हणाला, "आलं की पयलं तुमालाच सांगतो की."

माणूस खात्रीचा वाटला. फोटो काढून मलाच देऊन टाकला.

रात्री जेवताना दाखवला. कृष्णात म्हणाला, "आबा, आपल्या गोठ्याचं दार केवढं, ह्यो उंट केवढा? आत शिरंल कुठनं?" म्हणालो, दार पाडू. तो म्हणाला, "आनि चालवंल कोन?" म्हणालो, तू. त्यानं भाकरी मोडली. हल्ली गप्प बसतो. सुनेच्या भावाचे, बाळासोचे, इचलकरंजीजवळ कबनूरला कापडाचे माग आहेत. तो बोलावतोय म्हणे. मी मनावर घेत नाही. मशीन आलं की तरुण माणसाचा जीव शेतात रमतो.

चुलीपाशी सून, विमल. ती म्हणाली, "मामंजी, एका चाकाची हातगाडी आना. तेवढ्यावर माजं भागतंय."

मला हसू आलं. बायकांचा विचार एका चाकापुढं जात नाही.

१० सप्टेंबर

आवाज रोज आहे. डोक्यावर घोंगडं घेतलं तरी येतो.

मशीनबद्दल शंका. ट्रॅक्टरच्या आवाजानं गाभण म्हैस बिथरली तर? डिझेलच्या वासानं दूध नासत असेल काय? हायड्रॉलिकचं तेल शेणात सांडलं आणि तेच खत उसाला गेलं, तर गूळ कसा लागेल? एजंटाला हे विचारायचं राहिलं. पॉवर टिलर हातानं धरून चालवायचा, म्हणजे पुन्हा माणूस राबलाच. लांब मानेच्यात एकही दोष सापडत नाही.

विमल आज कंबरेला फडकं बांधून हिंडत होती. नवीन फॅशन असेल.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

तानीचा दिवस. तिलाच विचारायचं ठरवलं. कुंपणाच्या भिंतीवर दोन कागद आणि फोटो मांडला, कोपऱ्यांवर दगड. प्रत्येकावर दहीभाताचा गोळा. ज्याला कावळा शिवेल ते मशीन. इतकी सोपी गोष्ट, आजवर कुणाला सुचली कशी नाही?

कावळा आला. टिलरवरचा भात खाल्ला. मन खट्टू झालं. मग ट्रॅक्टरवरचा खाल्ला. मग फोटोवरचा. मग फोटोवर घाण केली आणि गेला.

हा होकार की नाराजी? बराच वेळ विचार केला. जिथं तो सगळ्यात जास्त वेळ बसला ते मशीन, म्हणजे लांब मानेचं. असा अर्थ काढला.

पिराजी भिंतीपलीकडून बघत होता. म्हणाला, "केरब्या, मेल्यावर बी बायकुलाच बाजार कराय लावतोस व्हय रं?"

अडाणी माणूस.

१९ सप्टेंबर

अक्षर वाचता येणार नाही, पण लिहितो.

आज धाडस केलं. पन्हाळ्याकडून धुकं उतरलं होतं. तांब्या हातात घेऊन गोठ्याच्या दाराशी गेलो. आत ती पाठमोरी होती. तानीचं जुनं हिरवं लुगडं, ओचा खोवलेला. डोक्यावर तीच चुंबळ, तीच बुट्टी. एक हात कंबरेवर. थकल्यावर डावा पाय जरा ओढत चालायची, तेच चालणं.

मी हाक मारली, "तानी."

ती वळली. चेहरा विमलचा.

तांब्या खाली पडला. ती म्हणाली, "मामंजी, मी हाय. वरीस झालं, मीच हाय की."

माझ्या लगेच ध्यानात आलं. तानी सुनेच्या अंगात आलीय. वरीस झालं असं ती स्वतःच म्हणाली, म्हणजे गेली तेव्हापासून. आवाजसुद्धा हुबेहूब विमलचा काढला. तानी पहिल्यापासूनच हुशार.

बिचारी पोर. तिला सोडवलं पाहिजे. मलकापूरच्या बाजूला गुंडू देवऋषी आहे, त्याला सांगावा धाडला. कृष्णाताला आत्ता सांगायचं नाही, त्याला असल्या गोष्टी झेपत नाहीत.

२२ सप्टेंबर, घट बसले

गुंडू आला. विमलला पाटावर बसवलं. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, बाई, तुझ्याच भल्याचं आहे. गुंडूनं लिंबू फिरवलं, अंगारा लावला, कडुलिंबाचा डहाळा डोक्यावर झटकला आणि ओरडला, "बोल! कोन हाईस? काय पायजे तुला?"

विमल म्हणाली, "हातगाडी पायजे."

गुंडू माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "मालक, ह्ये भूत मी पयल्यांदाच बगतोय." पिराजी हसता हसता भिंतीवरून पलीकडं पडला.

मग विमल उठली. कपाळावरचा अंगारा पदरानं पुसला. म्हणाली, "आत्याबाई ह्या बुट्टीखाली गेल्या. त्या हुत्या तवा कुनी बगितलं न्हाय. मी हाय तर माज्यात बी त्याच दिसत्यात. मामंजी, मेलेल्या बाईसाठनं मशीन आनताय, जित्या बाईनं काय करायचं?"

एवढं बोलणं हिचं नव्हे. अंगातल्याचंच असणार. गुंडूला तसं म्हणालो तर त्यानं लिंबू पिशवीत टाकलं आणि चपला शोधायला लागला.

कृष्णात दारात उभा होता. किती वेळचा, माहीत नाही. मी म्हणालो, बस, चहा घे. तो आत गेला आणि ट्रंक भरायला लागला. दुपारच्या गाडीनं दोघं कबनूरला गेली. जाताना म्हणाला, "आबा, तब्येतीला जपा." पाया पडला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हैस पाण्यासाठी ओरडत होती.

माणसाला राग येतो. घट उठायच्या आत परत येतील.

२३ सप्टेंबर

पहाटे कान लावून पडलो. आवाज नाही. बुट्टी नाही, पावलं नाहीत.

अंगारा लागू पडला! तानी सुटली. सगळे हसत होते, पण माझंच बरोबर निघालं. हे कृष्णाताला कळवलं पाहिजे.

दुपार. शेण अजून तिथंच आहे.

२६ सप्टेंबर

गाईंच्या खुरांत शेण. दूध कमी. बुट्टी भरली, उचलेना. निम्मी केली, उचलली, चार पावलांवर टेकवली. आणखी निम्मी केली. चुंबळ माझ्या डोक्यावर नीट बसत नाही. संध्याकाळी पाहिलं तर ओलीचिंब. खुंटीवर टांगून बराच वेळ तिच्याकडं बघत बसलो.

पिराजी म्हणाला, "काय केरबा, भुतानं श्यान काडायचं सोडलं व्हय?"

त्याच्याकडं बघायचं होतं. मान वळत नव्हती.

२८ सप्टेंबर

घरात आता काही नाही. अगदी काही नाही. पूर्वी आवाज आला की भीती वाटायची. आता आवाजासाठी जागा राहतो. पहाटे गोठ्यात उभं राहून "तानी" म्हणून हाक मारली. मग "विमल" म्हणून मारली. म्हशीनं तेवढं वळून बघितलं.

१ ऑक्टोबर, दसरा

ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॅक्टरला हार घातले. मी गाईंच्या कपाळाला कुंकू लावलं. सकाळी शोरूममध्ये जाऊन सही करणार होतो, पण आज गर्दी असते. आपट्याची पानं घेऊन एस.टी.च्या फाट्यावर बसलो. इचलकरंजीकडून आलेल्या सगळ्या गाड्या बघितल्या. पिराजी येऊन शेजारी बसला, काही बोलला नाही, माझ्या हातावर सोनं ठेवून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

या वहीचं एक पान फाडून कबनूरला पाठवावं म्हणतो. आधी इथं लिहून बघतो.

कृष्णाता, इकडं सर्व ठीक. म्हैस ठीक. गोठा स्वच्छ आहे. आई सुटली. मशीनचं जवळजवळ नक्की झालंय, फक्त

हे खोडलं. पुन्हा लिहितो.

कृष्णाता, मशीनचं राहू दे. विमलची कंबर आता कशी आहे? लौकर कळव.